दाराच्या आतल्या रेघा

रविवार, १८ जानेवारी. अंबरपेठ, इंदूचं घर. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, सकाळी.

हजर: इंदूचा मुलगा राहुल. नांदेडहून आलेली तिची मोठी बहीण कमलताई. वंदना घ्यायला आलेले भंतेजी. आमच्या टीममधली नसीम. गल्लीतल्या बायका, ज्यांची नावं मला माहीत असायला हवी होती. मी, सरोज. उशिरा आला तो आमचा ऑटोवाला मल्लेश, आणि तो बाहेर पायरीवरच बसून राहिला.

तुझं नाव कोणत्या ओळीत घालायचं ते कळेना, इंदू, म्हणून एक ओळ रिकामी सोडली आहे. तू म्हणाली असतीस, "यादीबाई, माझ्या मागेसुद्धा हजेरी घेतेस?" घेते. हाताला दुसरं काही सुचत नाही.

आपण दोघींनी इतकी वर्षं एकच काम केलं: लोकांच्या दारात उभं राहायचं. शहराच्या तब्येतीचा सर्व्हे. निवडलेल्या घरांचे क्रमांक वरून यायचे. आपण जायचं, प्रश्न विचारायचे, दंडाला पट्टा बांधून बीपी मोजायचं, बोटाला टोचून थेंबभर रक्त घ्यायचं. दार उघडलं नाही तर वेगवेगळ्या वेळी तीनदा जायचं, आणि दर फेरीला चौकटीवर, बेलच्या वरच्या बाजूला, खडूची एक रेघ ओढायची. तीन रेघा झाल्या की त्यांच्याभोवती गोल. गोल पडला की ते घर संपलं. नोंद 'प्रतिसाद नाही'. मग त्या दाराकडे बघायचंही कारण नाही.

तू बघायचीस. गोल पडलेल्या दारांवरून जाताना तुझी चाल मंदावायची. मी पुढच्या क्रमांकाचं घर शोधत पुढे निघून गेलेली असायचे आणि तू मागे, कुणाच्या तरी बंद दाराकडे तोंड करून.

बेल कशी वाजवायची तेही तूच शिकवलंस. "एकदाच वाजव आणि मागे सर. दाराला चिकटून उभी राहिलीस तर भिंगातून नुसतं कपाळ दिसतं, माणूस घाबरतो. चेहरा दिसू दे, हात दिसू दे." आपण तशा उभ्या राहायचो. आतला टीव्ही बारीक व्हायचा. दाराच्या भिंगातला उजेडाचा ठिपका काळा व्हायचा. पलीकडे डोळा लावून कुणीतरी, अलीकडे आपण, मध्ये बोटभर जाडीचं लाकूड. मग ठिपका पुन्हा उजळायचा. टीव्ही मात्र बारीकच राहायचा. मला त्याचीच जास्त भीती वाटायची. आपण गेलो हे त्यांना कसं कळत असेल? की तो टीव्ही दिवसभर तसाच?

गच्चीबावलीकडचा तो टॉवर तुला आठवत असेलच. वॉचमनने आपल्याला सामानाच्या लिफ्टने वर पाठवलं, कचऱ्याच्या डब्यांबरोबर. वर लांबलचक कॉरिडॉर, सगळी दारं एकसारखी, आणि दुपार असूनही बाहेरचा उजेड कुठून येत नव्हता. आपल्या चपलांचा आवाज आपल्यालाच नकोसा वाटत होता. तू बेल वाजवलीस आणि दारच बोललं.

"कौन है?"

बेलमध्ये कॅमेरा होता. तू मागे सरून, हात पुढे धरून, नेहमीचं वाक्य म्हणालीस.

"मैं घर पे नहीं हूँ," दार म्हणालं. "मैं डल्लास में हूँ."

"अंदर कोई है, मॅडम?"

"कोई नहीं है."

आणि त्याच वेळी दाराखालच्या फटीतून, आतल्या उजेडात, कुणाच्या तरी पावलांची सावली इकडून तिकडे सरकली. दोघींनी पाहिली. बेलमधला लाल दिवा विझला.

लिफ्टमध्ये तू डब्यांना टेकून उभी होतीस. "तिकडे परदेशात, डल्लासवरून सांगते, घरात कुणी नाही. मग ते कोण होतं?"

"कामवाली असेल. नाहीतर सासू."

"असेल ना! पण मालकीण म्हणते कुणी नाही, म्हणजे नाही. तिचं बीपी आता कोण मोजणार?"

मी म्हणाले, नियमाप्रमाणे अजून दोन फेऱ्या आहेत. दोन्ही झाल्या. दोन्ही वेळा दार बोललं, आणि तिसऱ्या वेळी आत काहीच सरकलं नाही. त्या चौकटीवरचा गोल दुसऱ्याच दिवशी झाडूपोछावाल्यांनी पुसला असणार. श्रीमंतांच्या दारावर आपली नापसंतीची खूणसुद्धा टिकत नाही, असं तू म्हणाली होतीस. मुशी नदीच्या काठच्या वस्तीत मात्र जुन्या सर्व्हेचे गोल अजून दिसतात.

त्या वस्तीत दुसरी तऱ्हा. तिथे कुणी नकार देत नाही, पण दारांना कुलपं. माणसं पहाटे कामाला गेलेली. प्रत्येक गल्लीत एक म्हातारी तेवढी उन्हात बसलेली. "अंदरू पनिकि पोयिन्रु, बिड्डा," असं ती म्हणायची. सगळे कामाला गेले गं पोरी, मलाच लिहून घे. आपण तिलाच लिहून घ्यायचो. गल्ल्या बदलायच्या, म्हातारी तीच वाटायची.

यावरूनच आपलं भांडण झालं, आणि ते मिटलेलं नाही. बरकतपुऱ्याच्या कोपऱ्यावरचं चहाचं हॉटेल, नसीम बिस्किट बुडवत बसलेली. मी ट्रेनिंगमध्ये शिकलेलं सांगत होते. जी घरं उघडली नाहीत त्यांची उणीव उघडलेल्या घरांना जास्त वजन देऊन भरून काढतात. जी बाई भेटली, तिच्यासारख्याच आणखी काही जणी धरायच्या.

"धरायच्या म्हणजे? कुठे धरायच्या?"

"हिशेबात गं."

"म्हणजे ती म्हातारी एकटी नाही. तिच्या अंगात आणखी माणसं बसवली तुम्ही. कुलपांमागची."

"अंगात नाही, इंदू. आकड्यात."

"आकडा कुणाचा? तिचाच ना? तिला नीट दिसत नाही, म्हणून त्यांनाही दिसत नाही. तिचे गुडघे दुखतात, त्यांचेही दुखतात. आणि डल्लासवालीच्या घरातली ती सावली? ती कुणाच्या अंगात घातली?"

"या अल्ला!" नसीम म्हणाली. "चाय तो पीने देव, बाजी. इनके बातां सुनको रात कू नींद नईं आती मेरेकू."

तू हसलीस, पण सोडलं नाहीस. "आपण शहराची तब्येत मोजत नाही, सरोज. दुपारी घरी असणाऱ्यांची मोजतो."

"तेवढी तरी मोजतो ना?"

मी अजूनही हेच म्हणेन. अजिबात न मोजण्यापेक्षा तेवढं बरं. तुझं उत्तर यायचं होतं. मल्लेश हॉर्न वाजवत आला आणि आपण उठलो.

त्यानंतर तुझ्यात एक फरक पडला. म्हातारीच्या दंडावरचा पट्टा फुगत असला की तू मशीनकडे न बघता तिच्या खांद्याच्या मागे बघायचीस. मागे नुसती भिंत असायची. एकदा मी विचारलं, काय बघतेस?

"किती जण आलेत ते."

तुझ्या तोंडावर हसू होतं. मी मागे वळून पाहिलं नाही.

उपकारही लिहायला हवेत, ते राहून जातात. तारनाक्याच्या रेल्वे क्वार्टरमधली ती बाई दोन फेऱ्यांत उघडत नव्हती. तिसऱ्या फेरीला तू सरळ जिन्याच्या पायरीवर बसलीस आणि बंद दाराला सांगू लागलीस की तुझा गुडघा किती दुखतोय, हा जिना किती वाईट आहे, उद्या बहुतेक यायला जमणार नाही. मी घड्याळ बघत होते. पाच-दहा मिनिटांनी दार किलकिलं झालं आणि आतून हात आला, हातात तेलाची बाटली. "हे चोळा. आणि असं पायरीवर बसू नका, गार असते." मग चहा झाला, सगळे प्रश्न झाले. त्या बाईचं बीपी इतकं वर होतं की तूच तिला दवाखान्यात घेऊन गेलीस. ती अजून आहे, इंदू. परवा तिला तू गेल्याचं फोनवर कळवलं.

तू सगळ्यांचं मोजलंस. तुझ्या दंडाला पट्टा बांधलेला मात्र मी कधी पाहिला नाही. नव्या मुलींना शिकवताना दंड नेहमी माझा. "यादीबाईचं बीपी तिच्या यादीसारखं सरळ आहे, हिच्यावर शिका," म्हणायचीस.

आणि मग या वेळच्या निवडीत अंबरपेठ आलं. तुझी गल्ली आली. तुझंच घर आलं. स्वतःचं घर स्वतः करायचं नाही, म्हणून ते माझ्याकडे. मला तर बरं वाटलं होतं, एक दार तरी हमखास उघडणार म्हणून.

पहिल्या फेरीला संध्याकाळी आले. आत दिवा होता. कुकरची शिट्टी झाली. मी बेल एकदा वाजवली, मागे सरले, हात पुढे धरले. भिंगातला ठिपका काळा झाला.

"इंदू, मी आहे गं."

ठिपका काळाच. तुझ्या दाराबाहेर मी तशी उभी होते आणि मला वाटायला लागलं की आतून जे बघतंय ते तू नाहीस. मग ठिपका उजळला. मी रेघ ओढली आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी चहाला विचारलं, "काल कुठे होतीस?"

"घरी नव्हते."

"कुकरची शिट्टी झाली."

"शेजारची असेल."

"भिंग काळं झालं होतं."

"पाल बसली असेल."

"तो पाल कू च लिख लेव, बाजी," नसीम म्हणाली. "एक जवाब तो आएगा."

तिघी हसलो. बाहेर पडताना तू माझ्या शेजारी आलीस आणि वेगळ्याच आवाजात विचारलंस, "काल तू किती वेळ उभी होतीस?"

"नेहमी राहते तेवढीच."

"आतून फार वेळ वाटतो," म्हणालीस आणि ऑटोत जाऊन बसलीस.

दुसरी फेरी शनिवारी सकाळी. पुन्हा तेच. या वेळी मी दाराशी तोंड नेऊन म्हणाले, "प्रश्न राहू दे. नुसता पट्टा बांधते आणि जाते." आत बांगडी वाजली. बस, तेवढंच. दुसरी रेघ.

त्याच दुपारी, काहीच झालं नसल्यासारखं, तू विचारलंस, "तिसऱ्यांदा कधी येणार?"

"पुढच्या रविवारी. रविवारी लोक घरी असतात."

"ये."

"उघडशील?"

"बघू. नाही उघडलं तर माझं वजन कुणाच्या अंगावर टाकशील?"

मी चिडले. वेडेपणा पुरे, म्हणाले. त्यानंतर तुझं-माझं जे बोलणं झालं ते फक्त कामाचं.

का उघडलं नाहीस, याचा मी खूप विचार केला. तुझी आईही वाढलेल्या बीपीनेच गेली होती, म्हणून आकड्याची भीती असेल. किंवा आकड्याची नसेल, प्रश्नांची असेल. घरात फ्रिज आहे का, छत कशाचं, झोपायच्या खोल्या किती, जात कोणती. शेवटच्या प्रश्नाला तुझा आवाज खाली यायचा, प्रत्येक दारात, मी ऐकलंय. आणि विचारणारी मी होते. माझ्या बरकतपुऱ्याच्या घरी तू किती वेळा जेवलीस. तुझ्या घरी मी गल्लीतून हाक मारायचे आणि तू पर्स घेऊन बाहेर यायचीस. तू आत बोलावलं नाहीस, मी आत येऊ का विचारलं नाही. इतक्या वर्षांत मी तुझ्या घरात पाऊल टाकलं नव्हतं, आणि पहिल्यांदा येणार होते ते खोल्या मोजायला.

पुढचा रविवार यायच्या आधीच राहुलचा फोन आला. डोक्यात रक्तस्राव. डॉक्टर म्हणाले, बीपी फार दिवसांपासून वाढलेलं असणार. राहुल मला दवाखान्याच्या व्हरांड्यात पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, "मावशी, आई तर सगळ्यांचं मोजायची."

आता एक गोष्ट सांगते, ती तुलाच सांगता येईल. तू गेल्यानंतरच्या एका दिवेलागणीला माझ्या घरची बेल वाजली. एकदाच. मी भिंगाला डोळा लावला. बाहेर आमचा नेहमीचा व्हरांडा, ट्यूबलाइट, आणि दारापासून मागे, जिथे आपण उभ्या राहायचो, बरोबर तिथे, मोकळी जागा. कुणी नव्हतं. कुणी नसताना दार उघडायला काय हरकत होती? मी उघडलं नाही. श्वास रोखून उभी राहिले. मागे टीव्ही चालू होता, तो मी केव्हा बारीक केला ते मला आठवत नाही. खरंच, इंदू, आतून फार वेळ वाटतो.

यादीत लिहिलं, 'बेलचे सेल बदलणे'. बदलले. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा एकदा वाजली. काम झालं म्हणून मी ती ओळ खोडली आहे.

तर आज. कार्यक्रम त्याच रविवारी आला, ज्या रविवारी मी येणार होते. दार सताड उघडं, बाहेर चपलांचा ढीग, चौकटीवर माझ्या दोन रेघा तशाच. मी सगळ्यांबरोबर आत आले. एक खोली, मागे स्वयंपाकघर, त्याला छोटी खिडकी. फ्रिज आहे. मला बघायचं नव्हतं, पण सवय.

पांढऱ्या कापडावर तुझा फोटो, पुढे मेणबत्ती. त्रिशरण, पंचशील झालं. भंतेजी थोडंच बोलले. खीर वाटताना वारा सुटला, मेणबत्ती फडफडायला लागली म्हणून राहुलने दार लोटून घेतलं. मी दाराजवळच बसले होते. दार मिटलं तेव्हा चौकटीची आतली बाजू समोर आली.

भिंगाच्या शेजारी, बाहेर माझ्या रेघा आहेत त्याच उंचीला, खडूच्या रेघा होत्या. तुझ्या. तुझी रेघ डावीकडे कलते, हजार दारांवर पाहिली आहे मी.

"राहुल, हे काय रे?"

"ते आईचं. तुम्ही आला होतात ना, तेव्हाचं. पहिल्यांदा मी म्हटलं, अगं सरोजमावशी आहे, उघड की. तर ओठावर बोट ठेवलं. तुम्ही गेल्याचं ऐकलं आणि मग रेघ काढली. दुसऱ्यांदाही तसंच."

"पण या तीन आहेत."

"दोन असतील."

तो उठून जवळ आला. बोट न लावता मोजल्या. "दोनच होत्या, मावशी," तो हळू आवाजात म्हणाला. "मी घरात होतो दोन्ही वेळा."

कमलताई म्हणाल्या, "तू नसताना आलं असेल कुणीतरी."

"कोण?"

नसीमने माझं कोपर धरलं. "नक्को देखो, बाजी. खीर खाओ."

मी सगळ्या शक्यता काढून पाहिल्या. आगाऊ काढलीस म्हणावं, तर तू आगाऊ रेघ कधी काढली नाहीस. नसीमने एकदा काढली तेव्हा तिला ओढणीने पुसायला लावली होतीस. रेघ ओढायची ती फेरी झाल्यावरच. मग त्या आठवड्यात, राहुल बाहेर असताना, कुणीतरी आलं. बेल एकदा वाजली. तू भिंगाला डोळा लावलास आणि बराच वेळ पाहिलंस. की माझ्यासाठीच काढून ठेवली होतीस, या वेळी उघडायचं ठरवून? मला तसं म्हणायला आवडेल. रेघेवरून ते कळत नाही. आणि तिन्हींभोवती गोल नाही.

गर्दी पांगली. राहुल चार दिवस कमलताईंबरोबर नांदेडला चालला आहे. त्याने मेणबत्ती विझवली, दाराला कुलूप लावलं, माझ्या पाया पडला. मल्लेश त्यांना स्टेशनला घेऊन गेला. नसीम कोपऱ्यावर माझी वाट बघत थांबली.

मी दारापाशीच राहिले. पिशवीत मशीन होतं, पट्टा होता, खडू होता. महिनाअखेरीला या घराची नोंद द्यायची आहे. आजची फेरी तिसरी धरावी म्हणून मी खडू काढलासुद्धा. पण दार उघडं होतं, मी सगळ्यांबरोबर आत शिरले, बेल वाजवलीच नाही. न वाजवता झालेली फेरी धरत नाहीत. हा नियम तुझाच.

मग नेहमीसारखी मागे सरले, हात पुढे धरले. घरात कुणी नव्हतं. मागच्या खिडकीचा उजेड भिंगात ठिपक्याएवढा दिसत होता. मी बघत होते तोवर तरी दिसत होता.

नसीमने हाक मारली आणि मी निघाले. खडू पिशवीत परत टाकला आहे. बेल एकदा वाजवायची, मागे सरायचं, आणि ठिपक्याकडे बघत थांबायचं, एवढं काम राहिलं आहे.